श्रीलंकेने कोणाचा प्रस्ताव घ्यावा: चीन, भारत, जपान की अमेरिका?

श्रीलंकेच्या अगदी दक्षिण टोकाला डोंड्रा नावाचं भूशिर आहे. सुएझकडून मलाक्काकडे जाणारी आणि तिकडून परत येणारी जहाजं या टोकापासून काही सागरी मैलांवरून जातात. आखातातलं तेल, चीन-जपानचा कारखानी माल, युरोपकडे निघालेले कंटेनर, सगळं इथून जातं. सव्वादोन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या या बेटाकडे मोठ्या देशांचं लक्ष असण्याचं कारण एवढंच आहे, आणि ते पुरेसं आहे.

आपल्याकडे या विषयावर चर्चा होते ती दिल्लीच्या बाजूने. श्रीलंका चीनच्या कह्यात गेली का, आपण कुठे कमी पडलो, दक्षिण किनाऱ्यावरच्या हंबनटोटा बंदरात चिनी पाणबुड्या येणार का. हे प्रश्न आपल्यासाठी खरे आहेत. पण कोलंबोत अर्थखात्याची फाइल हातात घेऊन बसलेल्या माणसापुढचा प्रश्न वेगळा असतो. त्याच्या टेबलावर चार देशांचे प्रस्ताव आहेत, तिजोरीत पैसा नाही, पुढची निवडणूक जवळ आहे, आणि बंदर, वीज, रेल्वे यांतलं काहीतरी उभं करायचं आहे. त्याने कोणाकडून काय घ्यावं? हा आढावा मी त्याच्या बाजूने लिहितो आहे. मालदीव, नेपाळ, बांगलादेश यांच्यापुढेही थोड्याफार फरकाने हाच प्रश्न आहे, पण श्रीलंकेचा अनुभव सर्वांत भरगच्च आणि सर्वांत महागात पडलेला आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका

बाहेरच्या एका सत्तेला दुसरीच्या मदतीने आवरायचं, हा प्रयोग या बेटाला नवा नाही. कँडीचा राजा दुसरा राजसिंह याने १६३८ मध्ये पोर्तुगीजांना हुसकावण्यासाठी डचांशी करार केला. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो घेतलं, १६५८ मध्ये जाफना घेतलं, आणि दोन्ही स्वतःकडेच ठेवलं. आलं देऊन मिरची घेतली, अशी सिंहली म्हण आहे, ती याच व्यवहाराला धरून सांगतात.

स्वातंत्र्यानंतर मात्र कोलंबोने दोन चाली फार चांगल्या खेळल्या. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत तेव्हाचे अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने यांनी जपानकडून युद्धाची भरपाई घ्यायला नकार दिला आणि द्वेषाने द्वेष संपत नाही हे बुद्धवचन सांगितलं. जपानने ते कधी विसरलं नाही. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, चीनशी रबर आणि तांदूळ यांच्या अदलाबदलीचा करार झाला. अमेरिकेला तो मुळीच आवडला नव्हता, पण देशात तांदळाची टंचाई होती आणि रबराला चांगला भाव मिळत होता. स्वतःची गरज नीट ओळखून केलेला करार, आणि तो टिकलाही. आजचे प्रस्ताव तोलताना हे दोन प्रसंग लक्षात ठेवावेत, कारण नंतरच्या काळात नेमकी हीच शिस्त हरवली.

पैसा कोणाचा स्वस्त, कोणाचा महाग

व्याजदरापासून सुरुवात करू, कारण भाषणांत सर्वांत कमी येणारी गोष्ट तीच असते.

हंबनटोटा बंदराच्या पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या सरकारी एक्झिम बँकेने ३०.७ कोटी डॉलर दिले, ६.३ टक्के स्थिर दराने. हा दर विकासकर्जाच्या मानाने चढाच. मात्र त्याच सुमारास, २००७ मध्ये, श्रीलंकेने पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय बाजारात ५० कोटी डॉलरचे रोखे विकले, त्यांचा दर ८.२५ टक्के होता आणि मुदत फक्त पाच वर्षांची. म्हणजे चीनचा पैसा महाग होता, पण बाजाराचा पैसा त्याहून महाग होता. हंबनटोटाच्या दुसऱ्या टप्प्याचं चिनी कर्ज तर २ टक्क्यांनी मिळालं.

जपानचा भाव याच्या शेजारी ठेवून पाहा. कोलंबोच्या किल्ला परिसरापासून मालबेपर्यंतच्या १५.७ किलोमीटरच्या हलक्या रेल्वेसाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेने २०१९ मध्ये जे कर्ज मंजूर केलं, त्याचा दर होता ०.१ टक्का. मुदत ४० वर्षं, त्यातली पहिली १२ वर्षं मुद्दल फेडायचं नाही. मुंबईकरांना ही संस्था ओळखीची आहे. अटल सेतू आणि कुलाब्याहून आरेपर्यंतची भुयारी मेट्रो ३, दोन्हीला तिचंच कर्ज आहे. त्यामुळे या स्वस्ताईबरोबर काय येतं तेही आपल्याला ठाऊक आहे: वर्षानुवर्षं चालणारे अभ्यास, पुनर्वसनाच्या आणि पर्यावरणाच्या अटी, ठरावीक प्रमाणात जपानी साहित्य घेण्याचं बंधन. पैसा स्वस्त, पण तो अंगवळणी पडायला धीर लागतो.

अमेरिकेचा प्रस्ताव तर परत न फेडायचा होता. मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन या तिच्या सरकारी मदतसंस्थेने २०१९ मध्ये ४८ कोटी डॉलरचं अनुदान मंजूर केलं, रस्ते-वाहतूक आणि जमिनीच्या नोंदी सुधारण्यासाठी.

भारताचा हिशोब मिश्र आहे. उत्तरेतल्या रेल्वेमार्गांची फेरउभारणी भारताच्या कर्जातून ‘इरकॉन’ या भारतीय रेल्वेच्या कंपनीने केली. कोलंबोहून निघणारी यालदेवी ही गाडी २०१४ मध्ये जवळपास पाव शतकानंतर पुन्हा जाफन्यात पोचली. युद्धग्रस्त उत्तर-पूर्वेतली आणि चहामळ्यांतली हजारो घरं मात्र अनुदानातून झाली. ‘सुवसेरिया’ ही १९९० क्रमांकाची रुग्णवाहिका सेवासुद्धा अनुदानच. ती २०१६ मध्ये पश्चिम आणि दक्षिण प्रांतांत सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. भारताने श्रीलंकेत केलेल्या सगळ्या कामांतलं सर्वांत शहाणपणाचं काम कोणतं असं मला विचारलं, तर मी या रुग्णवाहिकांकडे बोट दाखवीन. गाडी दारात आल्यावर ती कोणत्या देशाच्या पैशाची, यावर कुणी वाद घालत नाही.

आता क्रम लावा. सर्वांत स्वस्त अनुदानं, मग जपान, मग चीन, आणि सर्वांत महाग जागतिक रोखेबाजार. श्रीलंकेने प्रत्यक्षात काय केलं? अमेरिकेचं अनुदान घेतलं नाही. जमीन परक्यांच्या ताब्यात जाईल, सैनिकी करार मागच्या दाराने येईल, अशी भीती देशभर पसरली, करारावर सही झालीच नाही, आणि २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेने तो प्रस्ताव मागे घेतला. जपानची रेल्वे २०२० च्या सप्टेंबरात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी परस्पर रद्द केली. आणि रोखे मात्र वर्षामागून वर्षं विकले गेले. ज्या दोन ठिकाणी पैसा सर्वांत स्वस्त होता ती दोन्ही दारं लावून घेतली, आणि जिथे सर्वांत महाग होता तिथे रांग लावली. बंदरावर कोणाचा झेंडा यापेक्षा मला हीच या कहाणीतली सर्वांत मोठी चूक वाटते.

हंबनटोटाचं खरं काय

इथे थोडं थांबायला हवं, कारण या एका बंदराबद्दल इतकं चुकीचं बोललं जातं की त्यावरून निर्णय घेणाऱ्याची दिशाच चुकते.

प्रचलित गोष्ट अशी: चीनने मुद्दाम न फेडता येणारं कर्ज दिलं, हप्ता थकला, चीनने बंदर जप्त केलं. घडलं ते असं. बंदराची कल्पना चीनची नव्हती. ती श्रीलंकेत जुनीच होती, आणि कॅनडाच्या व डेन्मार्कच्या कंपन्यांनी तिचे अभ्यासही केले होते. आपण हे बंदर आधी भारताला देऊ केलं होतं, असं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे सांगत आले. २००८ च्या जानेवारीत काम सुरू झालं आणि २०१० च्या नोव्हेंबरात पहिल्या टप्प्याचं उद्घाटनही झालं. पण जहाजांची वर्दळ वाढायच्या आधीच दुसऱ्या टप्प्यासाठी कर्ज काढलं गेलं. जहाजं येत नव्हती, आणि व्याज येतच होतं.

२०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ‘चायना मर्चंट्स पोर्ट’ या चिनी कंपनीला दिलं, ११२ कोटी डॉलरच्या मोबदल्यात. हे पैसे चिनी कर्ज मिटवण्यासाठी वापरलेच नाहीत. ते परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले, कारण दुसरीकडे रोख्यांचे हप्ते डोक्यावर होते. एक्झिम बँकेचं कर्ज सरकारच्या नावावर तसंच राहिलं. म्हणजे बंदर जप्त झालं नाही. दुसऱ्याच देण्यासाठी डॉलर हवे होते, म्हणून ते भाड्याने दिलं गेलं. २०२१ च्या अखेरीस श्रीलंकेच्या सरकारी परकीय कर्जात चीनचा वाटा सुमारे एक पंचमांश होता, तर आंतरराष्ट्रीय रोख्यांचा एक तृतीयांशाहून जास्त.

यावरून चीन निर्दोष ठरतो असं कुणी समजू नये. स्पर्धात्मक निविदा न मागवता दिलेलं काम, बाहेर न येणाऱ्या अटी, मागणीच्या आधी उभं केलेलं बांधकाम, आणि सत्तेवरच्या राजपक्षे घराण्याच्या मतदारसंघाला झुकतं माप: चीनची बँक यातल्या कशालाच हरकत घेत नाही. जवळच्या मत्तलचा विमानतळही असाच. २०१३ मध्ये चिनी कर्जातून तो उभा राहिला आणि विमानांवाचून ओस पडला. जपानच्या बँकेने हाच प्रस्ताव परत पाठवला असता. चीनचा धोका असा आहे: तुम्ही चूक करायला निघालात तर तो तुम्हाला अडवत नाही. कोलंबो बंदरातलं त्याचं टर्मिनल पाहा. तिथे मागणी खरी होती, मोठ्या जहाजांसाठी खोल धक्का खरोखर हवा होता. २०१३ मध्ये सुरू झालेल्या त्या टर्मिनलमध्ये चिनी कंपनीचे ८५ टक्के आणि श्रीलंकेच्या बंदर प्राधिकरणाचे १५ टक्के आहेत, आणि ते उत्तम चाललं. पैसा तोच, कंपनीही तीच. फरक होता तो कामाच्या निवडीत.

काम कोण पूर्ण करतं

या कसोटीवर भारतीय म्हणून लिहिताना वाईट वाटतं, पण खरं ते सांगायला हवं.

२००६ च्या सुमारास श्रीलंकेपुढे कोळशावरच्या विजेचे दोन प्रकल्प होते. पश्चिम किनाऱ्यावर नोरोच्चोलाई चीनकडे, पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीजवळ सांपूर भारताच्या ‘एनटीपीसी’कडे. नोरोच्चोलाईचा पहिला संच २०११ मध्ये सुरू झाला, २०१४ पर्यंत पूर्ण ९०० मेगावॉट उभे राहिले, आणि आज देशाच्या विजेचा मोठा हिस्सा तिथूनच येतो. सांपूर दहा वर्षं कागदावर राहिला. २०१६ मध्ये कोळशाचा बेत रद्द झाला, मग तिथे सौरप्रकल्प ठरला, आणि त्या १२० मेगावॉटच्या कामाचा प्रारंभ २०२५ च्या एप्रिलमध्ये झाला.

त्रिंकोमालीच्या तेलटाक्यांची कथाही तशीच. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बांधलेल्या ९९ प्रचंड टाक्या तिथे आहेत. १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराबरोबरच्या पत्रांत त्यांचा उल्लेख आला. २००३ मध्ये ‘लंका आयओसी’ ही इंडियन ऑइलची श्रीलंकेतली कंपनी तिथे आली. पण सगळ्या टाक्यांचा नीट वाटप-करार व्हायला २०२२ चा जानेवारी उजाडला: १४ ‘लंका आयओसी’कडे, २४ श्रीलंकेच्या पेट्रोलियम महामंडळाकडे, ६१ दोघांच्या संयुक्त कंपनीकडे. मधल्या काळात बहुतेक टाक्या गंजत उभ्या होत्या.

याचा सगळा दोष दिल्लीच्या संथपणावर ढकलता येत नाही. भारताचा प्रकल्प म्हटलं की श्रीलंकेच्या राजकारणात जुन्या आठवणी जाग्या होतात. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना तिथे होती, सुमारे बाराशे भारतीय जवान तिथे कामी आले. मुंबईत जन्मलेले ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. आपल्यासाठी हे बलिदान आहे. सिंहली राष्ट्रवाद्यांच्या दृष्टीने तोच काळ शेजाऱ्याच्या दडपणाचा, आणि तमिळांच्याही मनात त्याच्या कडू आठवणी आहेत. हे ओझं चीनवर नाही, जपानवर तर नाहीच. कोलंबोच्या पूर्व कंटेनर टर्मिनलसाठी २०१९ मध्ये श्रीलंका, भारत आणि जपान यांचा एकत्र करार झाला होता. बंदरातल्या कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या आणि २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने तो मोडला. शेजारच्या चिनी टर्मिनलविरुद्ध असा आगडोंब उसळला नव्हता.

त्या बदल्यात पश्चिम टर्मिनल दिलं गेलं: अदानी पोर्ट्स ५१ टक्के, श्रीलंकेची जॉन कील्स कंपनी ३४, बंदर प्राधिकरण १५. ते मात्र वेळेत उभं राहिलं आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. त्याच समूहाचा मन्नारचा पवनऊर्जा प्रकल्प फसला. स्पर्धात्मक निविदेविना दिलेलं काम, प्रति युनिट ८.२६ सेंटचा दर, पक्ष्यांच्या स्थलांतर-मार्गाबद्दलच्या हरकती, न्यायालयातल्या याचिका. नव्या सरकारने दर कमी मागितला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीने माघार घेतली. भारताचा पैसा, भारताची कंपनी, दोन वेगळे शेवट. इथेही कागद कसा तयार झाला त्यावर सगळं ठरलं.

घर जळताना कोण आलं

१२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. पेट्रोलपंपांवर दिवसेंदिवस रांगा होत्या, स्वयंपाकाचा गॅस नव्हता, रुग्णालयांत औषधं नव्हती. या परीक्षेत भारत निर्विवाद पहिला आला. चलन-अदलाबदल (म्हणजे आपलं चलन ठेवून दुसऱ्या मध्यवर्ती बँकेकडून परकीय चलन उसनं घेणं), इंधनासाठी ५० कोटी डॉलर, अन्न-औषधांसाठी १०० कोटी डॉलर, थकलेल्या देण्यांना मुदतवाढ, खतं. सगळं मिळून त्या वर्षात सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत. डिझेलची जहाजं आली ती जाहीर सभांमधून नव्हे, आठवड्याच्या हिशोबाने आली, आणि पंप चालू राहिले.

चीनचं तेव्हाचं वागणं निर्णय घेणाऱ्याने नीट अभ्यासावं. श्रीलंकेने त्याच्याकडे २५० कोटी डॉलरच्या आसपास नवी मदत मागितली होती. ती मिळाली नाही. चिनी मध्यवर्ती बँकेशी १,००० कोटी युआनची चलन-अदलाबदल आधीच ठरली होती, पण ती वापरायला तीन महिन्यांच्या आयातीइतकी गंगाजळी असण्याची अट होती. ज्याच्याकडे गंगाजळी आहे त्याला अशी मदत कशाला लागेल? अट सही करताना कुणी नीट वाचली नाही, किंवा वाचूनही असा दिवस येईल असं वाटलं नाही.

पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सुमारे ३०० कोटी डॉलरच्या कार्यक्रमासाठी धनको देशांची लेखी हमी हवी होती. भारताने ती २०२३ च्या जानेवारीत सर्वांत आधी दिली. चीनच्या एक्झिम बँकेने आधी दोन वर्षांच्या सवलतीचं मोघम पत्र दिलं, पुरेशी हमी मार्चमध्ये आली, आणि २० मार्चला कार्यक्रम मंजूर झाला. कर्ज-पुनर्रचनेत जपान, भारत आणि फ्रान्स एका समितीचे सहअध्यक्ष होऊन एकत्र बसले. चीन निरीक्षक राहिला आणि त्याने आपला ४२० कोटी डॉलरचा हिशोब वेगळा मिटवला. मुद्दल माफ करण्याला त्याचा विरोध असतो, मुदत वाढवायला तो तयार होतो.

अमेरिकेची ताकद इथे वेगळ्या वाटेने दिसते. नाणेनिधीत तिचं मत सर्वांत वजनदार आहे, आणि श्रीलंकेच्या तयार कपड्यांची सर्वांत मोठी गिऱ्हाईक तीच आहे. २०२५ मध्ये तिने श्रीलंकेच्या मालावर ४४ टक्के आयातशुल्क जाहीर केलं, नंतर ते २० टक्क्यांवर आणलं. त्या मधल्या महिन्यांत कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या लाखो बायकांच्या रोजगारावर टांगती तलवार होती. बंदर न बांधताही एखादा देश किती पकड ठेवू शकतो, याचं हे उदाहरण.

मोबदल्यात काय मागतात

पैशापलीकडची मागणी प्रत्येकाची वेगळी आहे. चीनला जहाजांसाठी थांबा हवा असतो. २०१४ मध्ये त्याची पाणबुडी कोलंबोच्या चिनी टर्मिनलला दोनदा लागली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, श्रीलंका दिवाळखोरीत असताना, ‘युआन वांग ५’ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज हंबनटोटात आलं. कोलंबोने आधी भारताच्या सांगण्यावरून ते लांबणीवर टाकायला सांगितलं आणि मग येऊ दिलं. २०२४ मध्ये अखेर सगळ्याच परदेशी संशोधन जहाजांवर वर्षभराची बंदी घातली. नाव कुणाचंच न घेता दोघांनाही सांभाळायचा तो मार्ग होता, आणि मला तो योग्य वाटला.

भारताची मागणी नकारात्मक असते: अमुक करू नका, तमुकला देऊ नका. जाफन्याजवळच्या डेल्फ्ट, नैनातीवू आणि अनलैतीवू या बेटांवर सौर-पवन वीज उभारण्याचं काम आशियाई विकास बँकेच्या पैशातून निविदेने एका चिनी कंपनीला मिळालं होतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यासमोरची ती बेटं, त्यामुळे भारताने हरकत घेतली, चिनी कंपनी बाहेर पडली, आणि भारताने तेच काम अनुदानातून देऊ केलं. सुरक्षेची काळजी रास्त होती. पण लक्षात घ्या, श्रीलंकेला यात आधीच्या कर्जाऐवजी अनुदान मिळालं. दोन शेजाऱ्यांच्या चढाओढीतून छोट्या देशाचा शंभर टक्के फायदा झाल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. राष्ट्राध्यक्ष झालेल्या अनुरा कुमारा दिसानायके यांनी २०२४ च्या डिसेंबरात पहिला परदेश दौरा दिल्लीचा केला, श्रीलंकेची भूमी भारताच्या हिताविरुद्ध वापरू देणार नाही असं सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात ते बीजिंगला गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताशी संरक्षण सहकार्याचा करारही झाला.

जपान जवळजवळ काहीच मागत नाही, फक्त शब्द पाळावा एवढी अपेक्षा ठेवतो.

शब्द मोडला तर

म्हणूनच जपानशी शब्द मोडणं सर्वांत महागात पडलं. हलकी रेल्वे एकतर्फी रद्द झाली, पाठोपाठ टर्मिनलचा करार मोडला, आणि टोकियोने आरडाओरडा केला नाही. तो गप्प झाला. दिवाळखोरीत थांबलेली त्याची कामं २०२४ मध्ये पुनर्रचनेनंतर पुन्हा मार्गी लागली, पण ०.१ टक्क्याची ती रेल्वे आजही नाही. कोलंबोचे नोकरदार मालबेच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी तासनतास अडकतात.

चीनशी शब्द मोडला तर तो गप्प बसत नाही. २०१५ मध्ये नव्या सरकारने कोलंबोच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट सिटी या चिनी प्रकल्पाचं काम थांबवलं. समुद्रात भराव घालून २६९ हेक्टर जमीन, १४० कोटी डॉलरची गुंतवणूक. भरपाईची मागणी झाली, वर्षभरात काम परत सुरू झालं. मात्र थांबण्याचा एक फायदा झाला: मूळ करारात चिनी कंपनीला २० हेक्टर कायमच्या मालकीने मिळणार होती, फेरकरारात तीही ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आली. चिकाटीने बोललं तर चीनही मागे सरकतो. याउलट २०२१ मध्ये दूषित म्हणून नाकारलेल्या सेंद्रिय खताच्या जहाजापायी चीनने श्रीलंकेच्या सरकारी बँकेला काळ्या यादीत टाकलं, आणि शेवटी न उतरवलेल्या खतासाठी सुमारे ६७ लाख डॉलर मोजावे लागले.

मग कोणाकडून काय घ्यावं

कोलंबोतल्या त्या टेबलामागे मी असतो तर फाइलवर असं लिहिलं असतं.

ज्या कामाचा उपयोग शंभर वर्षं होणार आहे आणि ज्याला दहा वर्षं थांबता येतं, म्हणजे शहरी रेल्वे, विमानतळाची इमारत, पाणीपुरवठा, ते जपानकडे. आणि एकदा सही केली की पुढच्या सरकारलाही ती बांधील राहील अशी संसदेची मोहोर लावून. जिथे मागणी आकड्यांनी सिद्ध झाली आहे आणि वेग हवा आहे तिथे चीन चालेल, पण खुली निविदा, करार संसदेत मांडलेला, आणि सरकारची हमी शक्य तितकी कमी. मागणी सिद्ध नसेल तर चीनकडे जाऊच नये, कारण तिथे नाही म्हणणारं कुणी नाही.

वीज, इंधन, औषधं, अडीअडचणीची उसनवारी भारताकडे. भूगोल बदलत नाही. त्रिंकोमालीला तेलाचं जहाज भारतातून एक-दोन दिवसांत येतं. कोलंबो बंदरात जहाज बदलणाऱ्या कंटेनरांतला मोठा वाटा भारताच्या आयात-निर्यातीचा आहे, म्हणून टर्मिनलमध्येही भारतीय भागीदार असणं फायद्याचं. मात्र इथे कोलंबोने घाई करायला हवी. केरळात विळिंजम २०२५ मध्ये सुरू झालं आहे, आणि आपल्या पालघरमध्ये ७६ हजार कोटींचं वाढवण बंदर २०२४ च्या भूमिपूजनानंतर उभं राहू लागलं आहे. ही बंदरं पूर्ण चालू लागली की थेट मोठी जहाजं भारतात लागतील आणि कोलंबोची सौदा करण्याची ताकद वर्षागणिक कमी होत जाईल.

अमेरिकेकडे बंदरासाठी जाऊ नये. पश्चिम टर्मिनलसाठी तिच्या वित्तसंस्थेने ५५.३ कोटी डॉलर जाहीर केले होते, ते शेवटी घेतले गेलेच नाहीत. तिच्याकडे मागायची ती बाजारपेठ. आयातशुल्काच्या वाटाघाटीत टाकलेला एक महिना दहा अनुदानांपेक्षा मोलाचा आहे.

आणि रोखेबाजाराकडे सर्वांत शेवटी. त्याला कुठलाही झेंडा नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. श्रीलंकेला बुडवण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि १,२५५ कोटी डॉलरच्या त्या रोख्यांची अदलाबदल पूर्ण व्हायला २०२४ चा डिसेंबर लागला.

सध्या टेबलावर दोन मोठ्या फाइली शेजारी शेजारी आहेत. हंबनटोटात ‘सायनोपेक’ या चिनी तेलकंपनीचा ३७० कोटी डॉलरचा तेलशुद्धीकरण कारखाना, ज्याचा करार २०२५ च्या जानेवारीत बीजिंगमध्ये झाला. आणि त्रिंकोमालीत भारत व संयुक्त अरब अमिरातीबरोबरचं ऊर्जाकेंद्र, ज्याचा करार तीनच महिन्यांनी कोलंबोत झाला. दोन्ही तेलाचे, दोन्ही एकाच बेटावर. कुठली पुढे न्यायची हे ठरवण्याआधी दोन्हींना एकसारखे प्रश्न विचारायला हवेत: तयार मालातला किती देशात विकायचा आणि किती बाहेर, कच्चं तेल कोण आणणार, जमिनीचा पट्टा किती वर्षांचा, सरकार कशाकशाची हमी देतं आहे, आणि काम वेळेत झालं नाही तर जमीन परत मिळते का. ज्या फाइलीत या पाचही उत्तरांचे आकडे आहेत ती आधी उघडावी.